नाचणाऱ्यांकडे तोंड करून

क्लीओफस पेटवेंनी खुर्ची उचलली आणि पुन्हा गर्दीकडे पाठ करून ठेवली. चेलो घेऊन बसलेल्या दोघी पोरींनी एकमेकींकडे बघत ओठ दाबले.

रेनिटाने हेडफोन गळ्यात टाकले, पुढे आली आणि खुर्ची परत फिरवली.

"डॅडी, लोक तिकडे आहेत."

"म्हणूनच!" ते म्हणाले. "डिस्कोच्या एवढ्या रेकॉर्डींवर व्हायोलिन वाजवलं मी. स्टुडिओत समोर भिंत असायची. भिंतीने कधी त्रास दिला नाही."

रेनिटाला हसू आलं. शिकागोच्या दक्षिण भागात, सरोवराकाठच्या या बागेत, दर जुलैत सगळी वस्ती 'हाउस' नावाच्या नाच-संगीताच्या ठेक्यावर नाचायला जमायची. रेनिटा इथे अनेकदा वाजवून गेली होती, पण एकटी, आपल्या यंत्रांसह. या खेपेला पहिल्यांदाच तिने खरी व्हायोलिनं आणली होती आणि सगळे वादक तिच्या वडिलांच्या गजाकडे बघून वाजवणार होते. आई गेल्यापासून त्यांनी व्हायोलिनची पेटी उघडली नव्हती. किती विनवण्या केल्या, तेव्हा कुठे तयार झाले. आता खुर्चीवरून बिनसलं तर सगळंच मुसळ केरात.

"बरं, तिरकी ठेवू या?"

"तिरकी चालेल," म्हातारा गुरगुरला.

ठेका सुरू झाला. त्याच्याखाली बेसचा जाड, गुबगुबीत सूर येऊन बसला. मग पेटवेंचा गज वर गेला आणि व्हायोलिनं एकदम उसळली. घडीच्या खुर्च्यांवर रेललेली माणसं उठून उभी राहिली. एक जाडगेला गृहस्थ भाजलेल्या बरगड्यांची ताटली डोक्यावर धरून गिरक्या घेऊ लागला. पेटवेंची नजर सुरावटीच्या कागदावरून सुटली, ती परत कागदावर आलीच नाही. आपल्या वाजवण्याने माणसांचं असं काही होतं, हे त्यांनी आजवर पाहिलंच नव्हतं.

मग व्हायोलिनं थांबली. आता काही वेळ नुसता ठेका आणि बेस. पिवळी हॅट घातलेली ऑर्लीन, रेनिटाच्या आईची मैत्रीण, पूर्वी तिच्याबरोबर चर्चमध्ये गाणारी, मंचाच्या कडेला येऊन उभी राहिली.

"काय हो पेटवे, जन्मभर लोकांना नाचवलंत. स्वतः कधी नाचणार?"

"माझे हात गुंतलेले असतात, ऑर्लीन."

"आत्ता तर मोकळे दिसतायत."

पेटवेंनी हातांकडे पाहिलं. मग शेजारी बसलेल्या वादक मुलीकडे गज दिला, व्हायोलिन खुर्चीवर अलगद ठेवलं आणि कठड्याला धरून खाली उतरले.

रेनिटाचा हात बटणावरच राहिला. लग्नकार्यात आई नेहमी मामाबरोबर नाचायची. डॅडी बँडमध्ये असायचे, नजर कागदावर.

व्हायोलिनांची पाळी जवळ आली. दोन गज हातात घेतलेली मुलगी डोळे मोठे करून ओरडली, "रेनिटा, आता काय करू?"

"थांब."

तिने ठेका तसाच फिरत ठेवला. खाली डॅडी ऑर्लीनबरोबर नाचत होते, आणि वाईट नाचत होते. ज्या माणसाचा गज आयुष्यात अर्ध्या मात्रेने चुकला नाही, त्याचे पाय पडतील तिथे पडत होते. हसता हसता ऑर्लीनची हॅट उडाली. ती पकडायला दोघं एकदमच वाकली, डोक्यावर डोकं आपटलं, आणि पेटवे तोंड उघडून, मान मागे टाकून हसले.

संयोजक घड्याळाकडे बोट दाखवत होता. रेनिटाने त्याला गोड हसून हात केला आणि बेस थोडा वाढवला.

बऱ्याच वेळाने पेटवे वर आले. शर्ट भिजून पाठीला चिकटला होता. धापा टाकत त्यांनी खुर्चीवरचं व्हायोलिन उचललं, बसून ते हनुवटीखाली धरलं आणि त्या मुलीकडून गज मागून घेतला.

"कुठवर आलोय गं आपण?"

"तुम्ही उठून गेलात ना," रेनिटा म्हणाली, "तिथेच."