हार्ड डिस्क सापडली नाही

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. शेवगावात महेंद्र सरांच्या टायपिंग क्लासातल्या कॉम्प्युटरमध्ये राहते. लोखंडी डबा, चार स्क्रू, खिडकी नाही. कुणी विचारल्याशिवाय बोलायचे नाही, असे माझे जगणे.

सरांच्या आई भागिरथीबाई गाणी रचायच्या. त्या म्हणायच्या, सर टाइप करायचे, मी जपायचे. एक्केचाळीस गाणी माझ्या पोटात होती. पुढे आजारपणात आईंची स्मृती गेली. कागदावर एकही गाणे नव्हते. तेव्हाची माझी ऐट विचारू नका!

मग १९९८ साली व्हायरसने कॉम्प्युटर बंद पाडला. माझ्या रिकाम्या भागात लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी नवी प्रणाली बसवायची आणि गाणी उघडायची, असे सरांनी ठरवले. त्यासाठी सीडी ड्राइव्ह आणून माझ्याच वायरीला जोडला. लिनक्स सुरू करून देणारी फ्लॉपी घातली. पडद्यावर आले, 'हार्ड डिस्क सापडली नाही.'

सापडली नाही म्हणे! स्क्रूंनी आवळलेली मी जाणार कुठे? मी जीव तोडून उत्तर देत होते. पण त्याच वेळी ड्राइव्हही बोलायचा आणि दोघांचेही बोलणे वायरीतच अडकायचे. सरांनी सात वेळा प्रयत्न केला. सातही वेळा मी नव्हतेच. जिवंतपणी पुरल्यासारखे वाटले.

शेवटी सरांनी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या खाजाभाईंना बोलावले. "हिला उघडून बघा, आतून गाणी निघतात का."

मी हादरले. झाकण उघडले की धूळ शिरणार आणि गाणी कायमची जाणार. खाजाभाईंनी स्क्रूड्रायव्हर उचलला, पण आधी वायरीवर कोण पहिला हे ठरवणारी माझ्या पाठीवरची चिमुकली क्लिप पाहिली, मग ड्राइव्हची.

"सर, एका वायरीवर दोघांलाबी मालक केलंय तुमी. एक गुलाम पायजे."

सर म्हणाले, "वाचलंय मी पुस्तकात, मास्टर आन स्लेव्ह. पन आमच्या घरात कुनी कुनाचा गुलाम हुनार न्हाई. यंत्रबी न्हाई."

खाजाभाई हसले नाहीत. "मग नका करू. त्याला येगळी वायर द्या."

सुटकेसाठी मी गुलाम व्हायलाही तयार झाले होते. त्याची आजही लाज वाटते.

ड्राइव्ह दुसऱ्या वायरीवर गेला आणि पडद्यावर माझे नाव आले! लिनक्स बसले, गाणी उघडली. सरांनी पहिले गाणे आईंना वाचून दाखवले.

"लई ग्वाड हाय. कुनी रचलं?"

"तू, आई."

मित्रांनो, माझ्यासारख्या एकटीवर सगळे सोपवू नका. मी एक दिवस खरोखरच सापडणार नाही. त्या दिवशीही आई विचारतील, "कुनी रचलं?" तेव्हा सरांच्या हातात गाणी उतरवलेली वही असू द्या.