माझ्या पोटातलं मेण

मी एक डाय बोलतेय. कापड रंगवायचा डाय नव्हे, पोलादाची डाय, म्हणजे साचा. उंचीला माणसाच्या बोटाएवढी, बाहेरून आटे पाडलेली आणि आतून पोकळ. जी माणसं बंदुकीची काडतुसं घरीच भरतात त्यांच्याकडे आम्ही असतो. उडवून रिकामी झालेली पितळी पुंगळी ही माणसं फेकून देत नाहीत. तिला पुन्हा आकार देतात, दारू भरतात आणि शेवटी तिच्या तोंडात नवी गोळी बसवतात. ते शेवटचं काम माझं. माझ्या पोटात वरून एक दांडी उतरलेली आहे. मला ज्यात बसवतात त्या प्रेसची, म्हणजे दाबयंत्राची, मूठ ओढली की काडतूस खालून वर येतं, दांडी गोळीच्या नाकावर टेकते आणि तिला ठरल्याइतकी आत बसवते. केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही. निदान तसं व्हायला हवं.

आम्ही तिघी बहिणी एका लाल डब्यात जन्मल्यापासून एकत्र आहोत. थोरली पुंगळीला आकार देते, मधली तिचं तोंड थोडं उमलवते, आणि धाकटी मी. आमचा पहिला मालक ग्रोव्हर नावाचा पोस्टमन होता. तो दुकानातून तांब्याचं आवरण चढवलेल्या तयार गोळ्या आणायचा. कोरड्या, गुळगुळीत, कशालाच न चिकटणाऱ्या. त्याच्याकडे दहा वर्षं मी स्वच्छ राहिले, पण खरं सांगते, कंटाळले. पुढे त्याचे गुडघे विस्कॉन्सिनच्या थंडीला वैतागले. तो उबदार अॅरिझोनाला निघाला आणि घरातल्या सगळ्या वस्तू त्याने विकायला अंगणात टेबलांवर मांडल्या. तिथून हॅल्वर ब्रेक्केने आम्हाला उचललं. बदल्यात त्याने ग्रोव्हरला चीजचा एक अख्खा, चाकासारखा गोल दिला. आपली किंमत चीजमध्ये झाली याचा मला आजही अभिमान आहे.

हॅल्वर एकतीस वर्षं दुधाचा टँकर चालवत होता. डोंगरकपारीतल्या गोठ्यांवरून दूध गोळा करायचं आणि एल्मडालच्या डेअरीत पोचवायचं. त्या डेअरीत लोणी काढायच्या यंत्रावर काम करणारी आर्डिस पुढे त्याची बायको झाली. निवृत्तीनंतर तिने परसात मधमाश्यांच्या पेट्या मांडल्या आणि त्याने वडिलांची जुनी एकबारी बंदूक बाहेर काढली. ही बंदूक शिशाची ओतलेली गोळी खाते, तांब्याची तिला मानवत नाही, असं त्याचं म्हणणं.

गॅरेजवाल्यांकडून तो चाकांचा तोल साधायला लावतात ते जुने शिशाचे तुकडे आणायचा आणि शेडचं दार सताड उघडं टाकून वितळवायचा. पण शिसं मऊ. नुसतंच उडवलं तर बंदुकीच्या नळीला आतून चिकटून बसतं. म्हणून गोळीच्या अंगावरच्या खाचांत वंगण भरावं लागतं. हॅल्वरचं वंगण म्हणजे आर्डिसच्या पेट्यांतलं मेण आणि मेंढीची चरबी. पसरट भांड्यात गोळ्या उभ्या करायच्या, भोवती वितळलेलं मेण ओतायचं, आणि थिजलं की वड्या पाडाव्या तशी एकेक गोळी कापून काढायची. पहिल्याच दिवशी त्याने त्यासाठी आर्डिसचं केकचं भांडं पळवलं.

"ते भांडं आता तुझंच," ती म्हणाली. "शिसं लागलेल्या भांड्यात मी काही शिजवणार नाही. आणि वाढदिवसाला केक मागू नकोस."

मला मात्र सुखाचे दिवस आले. मधाचा वास अंगाला लागलेल्या गोळ्या माझ्या पोटात येऊ लागल्या. कोरड्या तांब्यानंतर हे म्हणजे सणासुदीचं जेवण. जेवण झालं की हॅल्वर मला मऊ फडक्याने पुसायचा. इतका पुसायचा, की माझ्या अंगात आम्ही राहायचो त्या तळघराची खिडकी दिसायची. आत मात्र त्याने कधी डोकावून पाहिलं नाही.

आणि आत काय होत होतं? प्रत्येक गोळीच्या नाकावर मेणाचा थोडासा जास्तीचा पापुद्रा असे. तो माझ्या दांडीला चिकटायचा. एका गोळीने काय होतंय! पण शंभर झाल्या, हजार झाल्या. थरावर थर चढला. दांडी जणू लांब झाली आणि गोळीला ठरल्यापेक्षा खोल दाबू लागली. कधी त्यातला एखादा तुकडा सुटायचा, की पुढची गोळी वर राहायची. मला कळत होतं. बोलता येत नव्हतं.

एके वर्षी ऑगस्टमधल्या एका रविवारी हॅल्वर आणि त्याचा मित्र लॅड प्रोखास्का तळघरात उतरले. लॅड नेमबाजी क्लबाच्या संघाचा प्रमुख, त्याची जीभ कायम सैल. त्याने हॅल्वरचे निशाणाचे कागद टेबलावर पसरले.

"हे बघ. एक भोक वर, एक खाली, एक तर कागदाच्या बाहेर. अरे, तू निशाणावर मारत होतास की पलीकडच्या मक्यावर?"

हॅल्वर हसला नाही. "डोळे गेले, लॅड. हातही गेले. सप्टेंबरच्या सामन्यातनं माझं नाव काढ."

"एक रविवार वाईट गेला म्हणून कुणी—"

"चौथा रविवार आहे हा." त्याने कागदांची गुंडाळी केली. "शनिवारी ये आणि बाबांची बंदूक घेऊन जा. इथे धूळ खाण्यापेक्षा तुझ्याकडे बरी."

लॅडने टोपी उचलली आणि तो जिना चढून गेला. 

त्यानंतर म्हातारपण हॅल्वरच्या अंगात शिरायला वेळ लागला नाही. त्याने गाडीच्या किल्ल्या आर्डिसकडे दिल्या. शिडीवर चढायचं सोडलं. दर शुक्रवारी गावात तळलेले मासे खायला जायचे, तेही नको म्हणाला, कारण तिथे सगळे सामन्याबद्दल विचारणार. तळघरात येऊन नुसता बसायचा. माझ्याकडे बघायचा आणि सवयीने मला पुसायचा. बाहेरूनच! मला ओरडावंसं वाटायचं, की बाबा रे, तुला काही झालेलं नाही, मला झालंय.

त्याच आठवड्यात, गुरुवारी दोघं मधमाश्यांच्या पेट्या उघडायला गेले. तळघराच्या खिडकीतून परस दिसतो. आर्डिस चौकट वर धरून कितीतरी वेळ राणीमाशी शोधत होती.

"नाही दिसत. दुसऱ्या चौकटीवर असेल."

"ही काय," हॅल्वर तिच्या खांद्यावरून म्हणाला. चष्मासुद्धा नव्हता. "खाली, डावीकडे. त्या जाड्या नराच्या मागे लपलीय ती."

आर्डिसने राणीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. तिने पेटी बंद केली, आणि हातमोजे न काढताच तडक जिना उतरून खाली आली.

तिने भरलेल्या काडतुसांचा डबा उघडला. वीस काडतुसं टेबलावर ओळीने उभी केली आणि त्यांच्या टोकांवर एक सरळ पट्टी ठेवली. पट्टी डुगडुगली. कुठे टेकत होती, कुठे खालून उजेड दिसत होता. मग ती माझ्याकडे वळली. तिने माझी दांडी फिरवून बाहेर काढली. दांडीच्या टोकाला काळपट मेणाचं एक बूच होतं आणि त्यावर गोळीच्या नाकाचा ठसा, जणू मोहोर उमटवलीय.

"हॅल्वर! खाली ये."

तो आला. "काय गं? माझ्या सामानाला हात कशाला—"

"हे कधी उघडलं होतंस?"

"उघडायचं कशाला? रोज पुसतो की."

"बाहेरून!" आर्डिसने टेबलावर हात आपटला. "एकतीस वर्षं टँकर चकचकीत ठेवलास. आतून कोण धुवायचं? आम्ही डेअरीतल्या बायका! ज्यातून लोणी जातं ते रोज उघडून धुवावं लागतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी यंत्र काय देईल याचा भरवसा नसतो. हे मेण नि चरबी म्हणजे वेगळं काय आहे?"

हॅल्वरने ते बूच हातात घेतलं. मग ओळीतलं सगळ्यात बुटकं काडतूस उचललं. त्याचा चेहरा उतरला.

"गोळी इतकी खोल गेली तर आतल्या दारूला जागा उरत नाही. दाब वाढतो." तो हळू आवाजात म्हणाला. "गेल्या महिन्यात एक पुंगळी नळीतच अडकली होती. निघता निघेना."

"मग तू काय केलंस?"

"मला वाटलं, माझ्याच हातात जोर राहिला नाही."

आर्डिस खुर्चीवर बसली. रागावायचं तिच्या मनात होतं, पण तिने हातमोजे काढून त्याचा हात हातात घेतला. "चाळीस हजार माश्यांत राणी दिसते रे तुला," ती म्हणाली. "आणि म्हणे डोळे गेले."

मग माझी अंघोळ झाली. माझे सगळे भाग सुटे करून आर्डिसने रॉकेलमध्ये बुडवले, गोल ब्रशने आतून घासले, कापडाची वात करून कोरडे केले. तेलाचा नुसता हात फिरवला आणि तोही पुसून काढला, कारण तेल दारूला लागलं तर दारू निकामी. इतकी हलकी मी कारखान्यातून निघाले तेव्हाही नसेन. हॅल्वरने जुनी सगळी काडतुसं एकेक करून खोलून सुटी केली. एकही ठेवलं नाही. शुक्रवारी दुपारी नवी भरली, आणि या वेळी प्रत्येक गोळीचं नाक पुसून मगच ती माझ्याकडे पाठवली. पट्टी ठेवून पाहिली. हलली नाही. त्या संध्याकाळी तो स्वतः गाडी चालवत मासे खायला गेला.

शनिवारी लॅड बंदूक न्यायला आला आणि हॅल्वरबरोबर मैदानावर गेला. परतले तेव्हा जिन्यावरूनच लॅडचा आवाज ऐकू आला.

"दोनशे यार्डांवरनं पाच गोळ्या, आणि पाचही भोकं एका कॉफीच्या कपाखाली झाकतील! म्हणजे मला बंदूक मिळत नाही तर. मी ती टांगायला भिंतीवर खिळे ठोकून ठेवलेत की रे!"

"मी मेलो की ने."

"तोवर मीच जाईन. तुझी बायको तुला मरू देणार आहे का?"

सप्टेंबरच्या सामन्यात त्यांचा संघ तिसरा आला. पहिला आला असता तर मी सांगितलंच असतं. पण संघात सगळ्यात जास्त गुण हॅल्वरचे होते, आणि घरी आल्यावर त्याला केक मिळाला. नव्या भांड्यातला.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. दर पन्नास काडतुसांनंतर मला उघडून धुवायचं, हा या घरातला नियम झाला. हॅल्वरने तो एकदाही मोडला नाही.

गेल्या वसंतात त्याचे नेम पुन्हा चुकू लागले. तो खाली आला आणि आधी पट्टी ठेवली. ओळ सरळ होती. मग त्याने मला उघडलं, दिव्यासमोर धरलं आणि आतून बोट फिरवलं. बोट कोरडं निघालं.  या वेळी तरी मी दोषी असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

पण हॅल्वर हसला. अगदी मोकळेपणाने. "आर्डिस," त्याने वर हाक मारली, "या खेपेला खरंच डोळेच आहेत बरं का!"

ती खाली आली. दोघांनी पुन्हा एकदा पट्टी ठेवून पाहिली. "नक्की?" तिने विचारलं.

"नक्की. डाय स्वच्छ आहे. एक्क्याऐंशी वर्षं वापरलेत, आणखी किती वापरायचे?"

"मग बंदूक दे इकडे," ती म्हणाली. "खिळे गंजू देत लॅडचे."

आता रविवारी आर्डिस नेम धरते आणि हॅल्वर बाजूच्या खुर्चीत बसून सूचना देतो. त्यातली एकही ती ऐकत नाही. पहिल्या महिन्यात मक्याचं पुष्कळ नुकसान झालं म्हणतात. हल्ली भोकं काळ्या वर्तुळात पडू लागली आहेत. गोळ्या मात्र अजून हॅल्वरच ओततो, मेण चढवतो आणि माझ्यापाशी बसून भरतो. त्याला मी धूसर दिसत असेन, पण त्याचं बोट माझ्या आत फिरतं तेव्हा कणभर मेणही त्यातून सुटत नाही.

माझं मागणं मोठं नाही. हात थरथरले, नेम चुकला, तर स्वतःला म्हातारं ठरवायच्या आधी हातातली वस्तू एकदा उघडून बघा. ती स्वच्छ निघाली, तर खुर्चीत बसायलाही लाज वाटू देऊ नका. बरंय, येते मी. वरून जिन्यावर पावलं वाजताहेत, पन्नास पुरी झाली आहेत आणि रॉकेलचा डबा खाली येतोय.