जाळ्याचा वाटा

झाकणावरची ती फट अजून धारदारच होती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला सहा वर्षांपूर्वी किशोरीनेच कोयतीच्या टोकाने पाडलेली, दुमडलेली नोट जाईल एवढी, एका टोकाला जरा वाकडी... आणि आता खाणावळीच्या गल्ल्याशी बसल्या बसल्या तिचं बोट उगाचच त्या कडेवरून फिरत होतं, कापणार हे माहीत असूनही. डब्यावर प्राजक्ताने लाल रंगात ‘बक्षीस’ लिहिलं होतं. डब्याशेजारी मस्टर, म्हणजे पगाराचं रजिस्टर. मस्टरमध्ये महिन्याला एक अशी अकरा पानं, आणि प्रत्येक पानावर स्वयंपाक करणाऱ्या आनंदीबाईच्या नावासमोरचा सहीचा रकाना कोरा.

साडेअकरा वाजले होते. साहेब चारला येणार होते.

परवा कामगार कार्यालयातून फोन आला तेव्हा ती तिरफळं निवडत होती. किनाऱ्यावरच्या सगळ्या खाणावळी आणि राहण्याच्या खोल्या तपासतोय, किमान वेतन देता की नाही ते बघायचं आहे, रजिस्टर काढून ठेवा. आणि ती म्हणाली काय, तर “हो हो, या ना!” जणू हळदीकुंकवाचंच आमंत्रण! फोन ठेवल्यावर मग तिने कपाट उपसलं, रजिस्टर नव्हतंच. कुडाळहून हिशेब बघणारा सर्वेश आला, त्याने एका दिवसात अकरा महिने लिहून काढले, सरकारी दराप्रमाणे, रुपयाचीही चूक नाही. “वहिनी, फक्त सह्या घ्या. आणि हो... सगळ्या एकाच पेनाने नको, तीन पेनं वापरा.” तीन पेनं! ती गल्ल्यात ओळीने पडली होती, दोन निळी, एक काळं, आणि सकाळपासून त्यांच्याकडे बघितलं की किशोरीला चोरीचं सामान बघितल्यासारखं होत होतं.

रजिस्टरातला आकडा आणि आनंदीबाईच्या हातात पडणारा पगार यांच्यात साडेचार हजारांचं अंतर होतं. पण बक्षीस होतं ना! दोन वेळचं जेवण होतं, घरी जाताना नारळ, ओंजळभर मासे, भराडीच्या जत्रेला लुगडं... हे सगळं धरलं तर? कालच तिने सर्वेशला हेच विचारलं होतं. तो मान हलवत म्हणाला, “बक्षीस गिऱ्हाईक देतं, वहिनी. तुम्ही नाही देत. ते पगारात नाही धरता येत.” पोरगं तिच्या डोळ्यांदेखत शाळेत गेलेलं, आणि तिला शिकवत होतं.

प्राजक्ताने सकाळी नाश्ता वाढता वाढता अकराच्या अकरा सह्या ठोकल्या, पान न वाचता. भांडी घासणाऱ्या सुशीलानेही केल्या. राहिली आनंदीबाई.

सकाळी सातला ती खोबरं खवत होती. “काकी, जरा सही हवी.” आनंदीबाईने वर न बघता म्हटलं, “हात वले आसत गो.” दहाला वाटण वाटत होती. “हात वले आसत, मगे करतंय.” आत्ता, दहा मिनिटांपूर्वी, बांगडे साफ करताना तिसऱ्यांदा तेच, त्याच आवाजात. खरं सांगत होती की सांगायचं ते असं सांगत होती? हात ओले होतेच. स्वयंपाकघरात बाईचे हात कोरडे असतात कधी? अकरा वर्षं ही बाई तिच्याकडे राबतेय, आणि दिवसभर तिचे हात ओले असतात हे किशोरीच्या आज ध्यानात आलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच असावं.

नाही केली सही तर... दंड तर होईलच, पण मागचा सगळा फरक तिघींना भरून द्यायचा, तोही पावसाळ्याच्या तोंडावर, नव्या दोन खोल्यांचं कर्ज डोक्यावर असताना. खाणावळच मिटायची. आणि साहेबांनी आनंदीबाईला एकटीला बाजूला घेऊन विचारलं तर? “मावशी, हातात किती मिळतात?” आनंदीबाई खोटं बोलत नाही. म्हणजे तसं तत्त्व वगैरे काही नाही तिचं, तिला ते जमतच नाही, मासा शिळा असला तर गिऱ्हाइकालाच सांगते, “आज सुरमय घेव नुको.”

जेवणं सुरू झाली. पुण्याचं एक कुटुंब होतं, वडे हादडून, सोलकढी दोनदा मागून तृप्त झालेलं. त्यातला बाप गल्ल्याशी आला, मोबाइल त्या काळ्यापांढऱ्या चौकोनावर धरला आणि मोकळ्या मनाने म्हणाला, “कढी कुणी केली? वा! त्या मावशींचे शंभर जास्त टाकलेत हं.” गल्ल्यावरचं यंत्र खणखणीत बोललं: एक हजार तीनशे रुपये प्राप्त झाले. आत स्वयंपाकघरात तव्यावरचा चर्र आवाज क्षणभर थांबल्यासारखा वाटला... की तिलाच तसं वाटलं? आनंदीबाईला ताटांचे दर पाठ. बाराशेचं जेवण आणि तेराशेचा आवाज. आणि हे काय आजचं होतं का! डब्यात नोटा पडायच्या दोन वर्षांपासून कमी झाल्या होत्या, सगळे मोबाइलवरच देतात, ते किशोरीच्या खात्यात जातं, ते नंतर डब्यात टाकू, रविवारी टाकू, हिशेब करून टाकू... एकदाही टाकलं नव्हतं. आणि ते यंत्र मात्र प्रत्येक वेळी सगळ्या घराला ओरडून सांगत होतं. मेल्याचा आवाज बारीक करायचंही सुचलं नाही आपल्याला!

तिने आज तो बारीक केला. लगेच लाज वाटली, आणि पुन्हा मोठा केला.

पण डब्याचे वाटे तर ती न्यायानेच करत होती. पाच वाटे: तिघींचे तीन, दोन घराचे. हे तिने मनाने काढलं नव्हतं, रापणीवरून घेतलं होतं. नऊ वर्षांची असताना ती मिठबावला मामाकडे गेली होती, मेच्या सुट्टीत. सकाळी किनाऱ्यावर रापणीचं लांबलचक जाळं ओढत होते, माणसांच्या दोन रांगा, ओला जाडजूड दोर, आणि तिनेही मध्ये घुसून हात लावला. तळवे सोलवटले. जाळं वर आलं, मासळी चांदीसारखी वाळूवर उड्या मारायला लागली, आणि हरिश्चंद्र नावाच्या म्हाताऱ्याने वाटे घातले. जाळ्याचे, होडीचे, ओढणाऱ्यांचे. कुणीतरी हसलं, ह्या पोरीला कसला वाटा? तर म्हातारा गरजला, “दोरयेक हात लावल्यान तेका वाटो!” पाच बांगडे. फ्रॉकच्या ओच्यात धरून ती घरापर्यंत धावली होती, ती तिची पहिली कमाई. आणि मग ही खाणावळ... जागा माझी, गॅस माझा, पत्रे माझे, म्हणजे जाळं माझं, होडी माझी. दोन वाटे जास्त कुठे झाले? जाळं फाटलं तर तोटा मालकाचाच ना?

आणि इथे तिचा विचार अडखळला, रोज नाही, पण आज अडखळला. जाळं फाटलं होतं की! त्या वादळाच्या साली स्वयंपाकघराचे पत्रे उडाले, गाड्या बंद, दोन खोल्यांत गिऱ्हाइकं अडकलेली. मसुऱ्याहून आनंदीबाई कुणाच्या तरी टेम्पोत उभी राहून आली, आल्या आल्या पदर खोचला, तीन दगडांची चूल मांडली आणि पेज शिजवली. त्या महिन्याचा पगार तिने मागितला नाही. “होऊं दे गो, पयलो पत्रो घाल.” नंतर देऊ, म्हटलं होतं किशोरीने, ते राहूनच गेलं. म्हणजे जाळं फाटलं तेव्हा तोटा कुणाचा झाला?

सव्वातीनला शेवटचं ताट उचललं गेलं. किशोरी मस्टर काखेत मारून स्वतःच आत गेली. आनंदीबाई पाटावर बसली होती, पुढ्यात पातेलं, हात त्यातच. किशोरीने पहिलं पान तिच्या डोळ्यांपुढे धरलं.

“काकी, चारला साहेब येतले. करून टाका ना सही.”

आनंदीबाईने मान तिरकी करून वाचलं. वाचता येत होतं तिला, सातवीपर्यंत शिकलेली. ओठ हलत होते. बोट न लावता, नुसत्या नजरेने ती ओळ आडवी पार करत आकड्यापर्यंत आली.

“ह्यो आकडो कोणाचो गो?”

“तुमचोच, काकी.”

“माजो?” ती बघत राहिली. राग नाही, टोमणा नाही. दुकानात दुसऱ्यासाठी काढलेलं लुगडं बघावं तशी बघत राहिली. “बरो आसा,” ती म्हणाली.

ओरडली असती तर बरं झालं असतं! चार शिव्या घातल्या असत्या तर किशोरीलाही बोलता आलं असतं, तुमच्यासाठी काय कमी केलं, दुखण्याखुपण्याला कोण धावलं... सगळं तोंडाशी तयार होतं. आणि ही म्हणते, ‘बरो आसा’!

“तुका त्रास होयत काय गो, सही नाय केलंय तर?”

“होयत,” किशोरी म्हणाली. दिवसभरात ती पहिल्यांदा खरं बोलली.

“बरा. हात धुवन येतंय,” असं म्हणून आनंदीबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि मागल्या दाराने विहिरीवर गेली.

जिंकली की किशोरी! सुटली. तीन पेनं, अकरा सह्या, पाच मिनिटांचं काम. किशोरी बाहेर येऊन गल्ल्याच्या टेबलाशी बसली, तिन्ही पेनं ओळीने मांडली, पान उघडून ठेवलं, वारा पान उलटू नये म्हणून त्यावर हात ठेवला. रहाटाचा आवाज येत होता. पाणी ओतल्याचा. नजर पुन्हा डब्यावर गेली, आणि मिठबावची ती वाळू पुन्हा समोर आली, पण या वेळी बांगडे नाहीत, माणसं. कोंडाळं करून उभी असलेली. म्हातारा वाटे घालत होता तेव्हा भोवती सगळे उभे होते, बायका, पोरं, सगळे. एकीने म्हटलं होतं, “ह्यो बारीक दिसता,” आणि त्याने मुकाट्याने दुसऱ्या ढिगातला एक मासा उचलून त्यावर टाकला होता. उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. वाटे बरोबर होते की नव्हते ते नंतरचं... पण रापणीवर कुणी वाटे खोलीत नेऊन, दाराला कडी लावून घालत नाही. आणि ती सहा वर्षं दर रविवारी आतल्या खोलीत डबा उघडत होती. गिऱ्हाइकांसमोर बरं दिसत नाही म्हणून, असं ती सांगायची. तिघींनाही, स्वतःलाही.

तिने झाकण ओढलं. घट्ट बसलं होतं, निघताना फटीची कड बोटाला लागली आणि रक्ताचा बारीक थेंब आला. आत दहा-वीसच्या थोड्या नोटा, चिल्लर. टेबल पुसणारी प्राजक्ता हातातलं फडकं तसंच धरून बघत राहिली. “वैनी, आज बुधवार ना?” किशोरीने झाकण परत लावलं नाही.

फाटकाशी गाडी थांबली. कुणीतरी स्टँड लावला, सुरूच्या सुया बुटांखाली करकरल्या. “आहे का कुणी?” असा शुद्ध, कचेरीतला आवाज आला.

“येवा, बसा,” प्राजक्ता म्हणाली.

आणि आतून आनंदीबाई आली, पदराला हात पुसत. एकेक बोट, मधल्या बेचक्यासुद्धा, नैवेद्याला हात लावण्याआधी पुसावेत तसे. हात कोरडे झाले होते. इतके सुरकुतलेले, इतके पांढुरके दिसत होते ते, की किशोरीला वाटलं, हे आपण कधी पाहिलेच नाहीत. आनंदीबाईने ओळीतलं पहिलं निळं पेन उचललं.

“खंय करूची सही, दाखय.”

दाखवायचं म्हणजे पानावरचा हात उचलायचा होता. किशोरीने तो उचलला नाही. सकाळपासून तिचा जीव टांगणीला लागला होता, ही सही करणार नाही म्हणून. आता तो टांगणीला लागला होता, ही सही करील म्हणून. साहेब पायरी चढत होते, वारा पानाचा कोपरा उलटू बघत होता, आणि त्या कोऱ्या रकान्यावर ठेवलेला तिचा तळवा घामाने ओला झाला होता.