निवळलेला समुद्र

कृष्णात सुभेदार सकाळपासून समुद्र कालवत होता आणि समुद्र काही केल्या जमत नव्हता.

घाट उतरल्याशिवाय समुद्र दिसत नाही, अशा इस्लामपुरात खाऱ्या पाण्याची टाकी पाळायची म्हणजे हौसेला मोल नाही. पलटणीतली शेवटची वर्षं त्यानं अंदमानात काढली, तिथली पाण्याखालची प्रवाळं पाहिली आणि गडी पेन्शनवर आला तो हे वेड घेऊनच. एक मोठी काचेची टाकी, केशरी पट्ट्यांचे दोन मासे आणि तीन वर्षं जिवापाड जपलेली प्रवाळं. गल्ली विचारायची, "सुभेदार, खायाचं कवा हे?"

आज टाकीतलं एक समुद्रफूल, फुलासारखा दिसणारा मऊ समुद्री जीव, मरून सडलं होतं. पाणी नासलं होतं, मासे वर येऊन तोंडं वासत होते. संध्याकाळपर्यंत निम्मं पाणी बदललं नाही तर सगळाच खेळ खलास. घरात समुद्राचं पाणी बनवायचं खास मीठ होतं दोन ड्रमांपुरतं, आणि पुण्याहून नवं यायला चार दिवस.

पहिला ड्रम त्यानं स्वतःच घालवला. आधी पाणी घ्यायचं, ते फिरतं ठेवायचं आणि मग मूठमूठ मीठ सोडायचं, हे त्यानं झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण घाईत आधी मीठ ओतलं आणि वरून पाणी. उलटं केलं की मिठातला चुना सुटून तळाला बसतो. बसला. सगळा ड्रम गटारीत गेला.

दुसऱ्या वेळी सगळं रीतसर केलं, पंप लावला, तर वीज गेली. मग पाइपचा तुकडा घेऊन हातानं ढवळत बसला. दंड भरून आले, तरी पाणी ताकासारखं पांढरंच.

"निवळंना! च्या मायला, निवळंना हे पानी!" तो ड्रमावरच ओरडला.

पायरीवर घेवडा निवडत बसलेल्या त्याच्या आईनं, बनुबाईनं, मान वर केली. "काय झालं रं?"

"तुला काय कळतंय त्यातलं, आये? गप बस."

पाइप फेकून तो बाजारात जनरेटर मागायला गेला. जनरेटर मिळाला नाही, आणि तासाभरानं परत येतो तर वीज कधीचीच आलेली! पंप सुरू होता आणि पाणी मात्र काचेसारखं नितळ. त्यानं खारटपणा मोजला. पस्तीस, अगदी हवा तेवढा. त्याच्या जिवात जीव आला. भराभर त्यानं तीन बादल्या टाकीत सोडल्या.

बनुबाई पदराला हात पुसत दारात आली. "निवळलं न्हवं?"

"व्हय, लय झ्याक निवळलं."

"निवळंल न्हाई तर काय! चांगली घटकाभर तुरटी फिरवली."

कृष्णाकाठच्या बाईला गढूळ पाणी दिसलं की हात आपोआप तुरटीकडं जातो. मागच्या पुरात याच हातानं तिनं निम्म्या गल्लीला पाणी निवळून पाजलं होतं. पण जे पाणी माणसाला चालतं ते प्रवाळाला सोसत नाही. सुभेदारानं वळून पाहिलं, तर टाकीतली प्रवाळं एकेक करून मिटत होती.

त्यानं बादली भिंतीवर आपटली. "कुनी सांगितलं हुतं तुला? तीन वरसांत कवा ढुंकून बघितलंस का टाकीकडं? आन् आज हात घातलास!"

"तूच म्हनत हुतास, निवळंना म्हून."

तो आणखी मोठ्यानं ओरडला.

मग त्यानं सांगलीच्या बाळगोंडाला फोन लावला. बाळगोंडा हळदीचा व्यापारी, पण त्यालाही रोग हाच, खाऱ्या टाकीचा. तो म्हणाला, "दीडशे लिटर तयार हाय माझ्याकडं. गाडी घिऊन या. आन् सुभेदार, जरा दमानं."

तो कॅन गाडीत चढवत होता, तेव्हा बनुबाई टाकीसमोर उभी होती.

"कृष्णात, ते जांभळं उघडंना रं."

"आता न्हाई उघडायचं ते."

"रोज सकाळी तेच आदी उघडतंय. त्याच्या मागनं ते हातावानी दिसतंय ते. तू फिराय गेलास की मी हितं बसती."

कृष्णात दोन्ही हातांत कॅन घेऊन तसाच उभा राहिला. पण राग अजून उतरला नव्हता आणि सांगली तासाभरावर होती. त्यानं गाडी काढली.

सांगलीच्या पाण्यानं मासे वाचले. प्रवाळं निम्मी राहिली. जांभळं तिसऱ्या दिवशी झडून गेलं.

चौथ्या दिवशी सकाळी कृष्णात फिरायला गेला नाही. टाकीसमोर खुर्ची मांडून त्यानं हाक मारली, "आये, ये की. बस हितं."

बनुबाई उंबऱ्याच्या अलीकडंच थांबली.

"नको बाबा," ती म्हणाली. "माजा हात लागायचा."