न उचलायचा फोन

गणिताच्या बाईंनी परदेशातली नोकरी धरली तेव्हा त्यांना वाटलं होतं, अवघड जाईल ती भाषा. भाषा कसली अवघड! आकडे सगळीकडे तेच, खडू तसाच, आणि मागच्या बाकावरची कार्टी तर अगदी आपल्याकडच्यासारखीच बिलंदर. अवघड गेला तो फोन. खिशात मावेल एवढा साधा मोबाइल घेताना त्यांच्या नाकी नऊ आले.

तेव्हा फोनवर माणसाचा चेहरा दिसायची सोय नव्हती. नुसता आवाज यायचा, आणि तोही परदेशाहून आला तर खिसा कापत यायचा.

बाईंना फोन मिरवायला नको होता. घरी नवरा होता, सायकलींचं दुकान चालवणारा. सासूबाई होत्या. आणि बिट्टी होती, त्यांची मुलगी, सहावीतली. सगळं अडलं होतं ते या बिट्टीपाशी. बाई निघाल्या त्या पहाटे सासूबाई म्हणाल्या, "उठवू नकोस गं तिला. रडून घर डोक्यावर घेईल, आणि तुझाही पाय निघायचा नाही." बाईंनी ऐकलं. लेकीला न उठवताच त्या निघाल्या. आई जाणार हे बिट्टीला ठाऊक होतं, पण ती अशी चोरासारखी जाईल हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून बिट्टी आईशी बोलायची बंद झाली ती झालीच.

सुरुवातीला बाई घरमालकिणीच्या फोनवरून रविवारी घरी बोलायच्या. मालकीण तशी भली, पण फोनशेजारच्या खुर्चीवरून हलायची नाही. विणकाम घेऊन बसायची आणि मराठीतलं अक्षर कळत नसताना प्रत्येक वाक्याला मान डोलवायची. अशा माणसापुढे लेकीची मनधरणी कशी करणार? "बिट्टीला द्या ना," बाई म्हणायच्या. नवरा हाक मारायचा. मग लांबून दार आपटल्याचा आवाज यायचा, आणि नवरा ओशाळून म्हणायचा, "अगं, अभ्यास करतेय ती." अभ्यास! बिट्टी आणि रविवारी अभ्यास! बाई बरं म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या.

आपला स्वतःचा नंबर असला, तर ती कधीतरी आपणहून फोन करेल, या एका आशेवर बाई मोबाइलच्या दुकानात गेल्या. काउंटरवरच्या मुलीनं च्युइंगगम चघळत विचारलं, "रहिवासी कार्ड?" कार्ड अजून आलं नव्हतं. कार्डाच्या ऑफिसात गेल्या, तर तिथला साहेब म्हणाला, "कार्ड तयार झालं की मोबाइलवर कळवतो. नंबर द्या."

"नंबरच नाही. नंबर घ्यायला कार्ड लागतं."

"मग आधी नंबर घ्या," साहेब शांतपणे म्हणाला आणि त्यानं पुढच्या माणसाला बोलावलं.

बाई पुन्हा दुकानात, पुन्हा ऑफिसात. दुकानवाली त्यांना ओळखायला लागली, एकदा तर तिनं च्युइंगगमही पुढे केलं. कार्डाविना फोन मिळायला एकच वाट होती, तिथल्याच कुणी माणसानं जामीन राहायचं. आणि हीच तर गोम होती. बाईंनी आयुष्यात कुणापुढे हात पसरला नव्हता. शेजारणीकडे साखर मागायची वेळ आली तर त्या बिनसाखरेचा चहा पिणाऱ्यातल्या.

शेवटी शिक्षकांच्या खोलीत भूगोलाच्या सरांनीच विषय काढला. हे सर म्हणजे ताडमाड उंच, बोलणं मोठ्यानं, आणि दुसऱ्याला मदत करायची इतकी हौस की समोरच्याला कधीकधी पळून जावंसं वाटावं.

"तुम्ही रोज शाळा सुटली की कुठे धावता?"

बाईंनी सांगितलं. सर खुर्चीतून उठलेच. "अहो, मग मला बोलायचं नाही का? चला!"

"आत्ता?"

"मग काय, मुहूर्त काढायचाय?" अशाच अर्थाचं काहीतरी ते त्यांच्या भाषेत म्हणाले. दुकानात त्यांनी सही ठोकली आणि संध्याकाळच्या आत बाईंच्या हातात एक राखाडी, बटणांचा, दिसायला अगदीच यथातथा फोन आला. बाईंना इतका आनंद झाला की त्या पायीच घरी आल्या, बस सुटली तरी त्यांना पत्ता नाही.

नंबर घरी कळवला. नवऱ्याशी बोलून ठरलं ते आपल्याकडे घरोघरी ठरायचं तेच. दुपारी तो दुकानातून जेवायला घरी आला की मिस्ड कॉल द्यायचा. एक रिंग म्हणजे सगळं ठीक. दोन रिंगा म्हणजे काहीतरी बोलायचंय, सवडीनं फोन कर. उचलायचा मात्र नाही. उचलला की पैसे गेले.

त्याचं दुपारचं जेवण आणि बाईंची चहाची सुट्टी बरोबर एका वेळी यायची. चहाचा कप हातात आणि फोन टेबलावर. तो एकदा वाजायचा, थांबायचा, आणि बाईंचा जीव भांड्यात पडायचा. बाकीचे शिक्षक एकमेकांकडे बघायचे. ही बाई वाजणाऱ्या फोनकडे बघून हसते आणि उचलत मात्र नाही, हे काय गौडबंगाल आहे? पण विचारणार कोण?

असे काही आठवडे गेल्यावर एका रविवारी बाई नवऱ्याला सहज म्हणाल्या, "तुमचा मिस्ड कॉल आला की बरं वाटतं हो. एकही दिवस चुकवत नाही तुम्ही."

"मी?" नवरा हसला. "मला कसलं भान राहतंय. पहिले दोन दिवस दिला असेन. बिट्टी देते. मी ताटावर बसलो की माझ्या खिशातून फोन काढते आणि आतल्या खोलीत जाते. मला वाटलं, तुला माहितीय."

बाईंनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"ऐकतेयस ना? आणि हे बघ, कळलंय असं दाखवू नकोस. आपली पोर किती मानी आहे ते तुला ठाऊक आहे. लगेच बंद करेल."

बाईंनी कबूल केलं. पण त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही, आनंदानं. बोलत नाही, फोनवर येत नाही, दारं आपटते, आणि रोज दुपारी न चुकता एक रिंग! म्हणजे राग होता, पण लेक हातची गेली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून बाई चहाच्या सुट्टीची वाट अशी बघायला लागल्या की मुलं काय बघतील. फोन वाजला की मनात म्हणायच्या, "आलीस का गं? बस."

आणि मग भूगोलाच्या सरांनी मदत केली.

त्या दिवशी बाई चाचणीचे कागद आणायला ऑफिसात गेल्या आणि फोन टेबलावर राहिला. परत आल्या तर सर दारातच उभे, चेहरा नुसता खुललेला. "तुमच्या घरून फोन होता! तुम्ही नव्हता. म्हटलं, एवढ्या लांबून आलेला फोन वाया जायला नको. मी उचलला!"

"उचललात?"

"पटकन झडप घातली, म्हणून तर मिळाला. तुमच्याकडचे लोक फार लवकर ठेवून देतात. मी म्हणालो, हॅलो, हॅलो, बोला! पण कोणी बोललंच नाही. लाइन खराब असावी."

आता याला काय म्हणायचं? ज्यानं जामीन राहून फोन मिळवून दिला, त्याच्यावर कुठल्या तोंडानं ओरडणार? बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी सगळं समजावून सांगितलं. सर लक्ष देऊन ऐकत होते, पण त्यांच्या डोक्यात काही उजेड पडेना.

"म्हणजे फोन करायचा."

"हो."

"आणि दुसऱ्यानं उचलायचा नाही."

"नाही."

"उचलला तर?"

"राग येतो."

"मग करायचाच कशाला?" सर म्हणाले. मग बाईंचा चेहरा बघून त्यांचा आवाज खाली आला. "काहीतरी फार वाईट झालं का माझ्याकडून?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. झालं होतं.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्या आठवड्यात चहाच्या सुट्टीत बाई फोनकडे बघत बसल्या आणि चहाचे कप तसेच गार होऊन परत गेले. रविवार येताच त्यांनी घरी फोन लावला. आधी सासूबाईच बोलल्या. "सूनबाई, कोण गं तो बाप्या तुझ्या फोनवर?"

"शाळेतले सर आहेत हो आई, भूगोलाचे. चुकून उचलला त्यांनी."

"भूगोलाचे ना, मग त्यांना म्हणावं, आपली हद्द सोडून दुसऱ्याच्या हद्दीत शिरायचं नाही," सासूबाईंनी निकाल दिला आणि फोन मुलाकडे सोपवला.

नवरा हळू आवाजात म्हणाला, "फोनला हात लावत नाही ती आता. मी विचारलं, तर म्हणाली, माझा मिस्ड कॉल आईनं दुसऱ्याला दिला."

हे वाक्य बाईंच्या फार जिव्हारी लागलं. खोलीत त्या एकट्याच होत्या, मालकीण नव्हती की तिचं विणकाम नव्हतं. रडायला आता कुणाची आडकाठी नव्हती, आणि त्या मनसोक्त रडल्या. मग तोंड धुतलं आणि विचार केला. बोलायला ती येत नाही. निरोप ऐकत नाही. मग तिला कळेल अशा भाषेतच तिच्याशी बोलायला हवं.

"अहो," त्यांनी परत फोन लावून सांगितलं, "उद्यापासून जेवायला बसलात की फोन तिच्या समोर ठेवा. काही बोलू नका. मी एक रिंग देईन."

आणि बाईंनी मिस्ड कॉल द्यायला सुरुवात केली. रोज, चहाच्या सुट्टीत, एक रिंग. उलट काही येत नव्हतं. "बघते फोनकडे," नवरा सांगायचा, "बघते आणि पानातलं संपवून उठते." बाई देतच राहिल्या. भूगोलाच्या सरांना आता सगळं कळलं होतं. ती वेळ झाली की ते खोलीतल्या सगळ्यांना बोटानं गप्प करायचे. बिचारे स्वतःच्या टेबलावरचा फोनसुद्धा उचलायचे नाहीत.

त्या काळात बाईंनी एक गोष्ट केली, जी त्यांना शोभणारी नव्हती. वर्गात कुणा मुलाचा फोन वाजला तर त्या तो काढून घ्यायच्या, त्यात कुणाची गय नसायची. पण स्वतःचा फोन त्या वर्गातही चालू ठेवायला लागल्या, आवाजासकट, कोटाच्या खिशात. न जाणो, वाजलाच तर?

आणि एका सकाळी तो भर तासाला वाजला.

बाई फळ्यावर त्रिकोण काढत होत्या. घरी तेव्हा मिस्ड कॉलची वेळ नव्हती, पण बिट्टीच्या शाळेला सुट्टी होती हे त्या विसरल्या होत्या. एक रिंग झाली. बाई थांबल्या, आणि त्यांच्या तोंडावर इतक्या दिवसांनी हसू आलं. पण फोन थांबला नाही. दुसरी रिंग. दोन म्हणजे काहीतरी बोलायचंय. काय झालं असेल? सासूबाई आजारी पडल्या? दुकानात काही? फोन थांबायची वाट त्या बघत होत्या. तिसरी रिंग झाली. तीन रिंगांचं तर काही ठरलंच नव्हतं. अख्खा वर्ग बाईंच्या खिशाकडे बघत होता आणि मागच्या बाकावर तर आनंदीआनंद होता.

फोन वाजतच राहिला, आणि मग बाईंच्या ध्यानात आलं की हा मिस्ड कॉल नाही. कुणाला तरी वाटतंय की आपण तो उचलावा.

त्यांनी उचलला.

"किती वेळ लावतेस गं!" बिट्टी म्हणाली. "कधीची वाजवतेय."

बाईंना बोलता येईना.

"आई? की ते दुसरेच आहेत?"

"नाही, नाही. मीच आहे. बोल राजा, मीच आहे."

"बाबांनी पैसे भरलेत फोनमध्ये. मी विचारून केलाय." मग ती थांबली. "तुला एक सांगायचं होतं."

"सांग ना."

"तू गेलीस ना, तेव्हा मी जागी होते."

बाईंनी हातातला खडू फळ्याच्या कडेवर ठेवला.

"तू दारात उभी होतीस, ते मी बघितलं," बिट्टी म्हणाली. "मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, तू येऊन उठवशील. मग दार लागलं."

बाई वर्गासमोर रडल्या. लपवलं नाही आणि पाठही फिरवली नाही. पोरं टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी गप्प झाली होती. त्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण कुणी हसलं नाही.

"चुकलं गं माझं," बाई म्हणाल्या. "मला भीती वाटली. तू उठलीस तर मी जाऊच शकणार नाही, अशी भीती वाटली. पण उठवायला हवं होतं. फार चुकलं."

"हं," बिट्टी म्हणाली. बराच वेळ नुसता तिचा श्वास ऐकू येत होता, आणि पैसे जात होते, आणि दोघींपैकी कोणालाही फोन ठेवायची घाई नव्हती.

"तुझा तास चालू आहे का?" शेवटी तिनं विचारलं.

"हो."

"मग शिकव जा. मी उद्या परत करते." आणि ठेवता ठेवता म्हणाली, "एका रिंगमध्ये उचल."