आधी मुनीला लटकवा

मित्रांनो, मी एक जुना खुनी आहे. माझ्या नावावर साडेतीनशेच्या वर मुडदे आहेत. कोणाला मी विहिरीत ढकललं, कोणाचा झोपेत उशीने श्वास कोंडला, एकाला तर त्याच्याच मफलरने आवळलं. पण घाबरून पान उलटू नका. दिसायला मी अगदी किरकोळ आहे. तुमच्या सायकलच्या नटाखाली जी लोखंडी चकती असते ना, तसलाच मी. मला वॉशर म्हणतात.

माझा जन्म एका प्रेस शॉपमध्ये झाला. पत्र्याच्या पट्टीवर प्रेसचा ठोका बसला, की माझ्यासारखे वॉशर टपाटप खाली पडत. त्या प्रेसचा नंबर दोन. मी तिला आई म्हणतो, दुसरं काय म्हणणार? पायाखालचं पायडल दाबलं की ती खाली यायची, आणि एकदा यायला निघाली की कोणाच्या बापाचं ऐकायची नाही. म्हणून तिच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवली होती. जाळी बंद केल्याशिवाय पायडल चालायचं नाही, त्यामुळे कोणाचा हात आत राहण्याची भीती नव्हती.

जन्मल्या जन्मल्या मी नापास झालो. माल तपासायचं काम मुनीकडे होतं. हे काही त्याचं खरं नाव नव्हे. दिवसभरात मोजून चार शब्द बोलायचा, म्हणून सगळे त्याला मुनी म्हणत. त्याने मला चिमटीत धरलं, एकदा फिरवलं आणि माझं भोक मधोमध नाही म्हणून भंगाराच्या डब्यात टाकून दिलं. केसभराची तर चूक होती. माझ्याबरोबरचे वॉशर पंखे, पाळणे आणि पूल धरून ठेवायला जगभर गेले आणि मी डब्यात पडून राहिलो. तेव्हापासून मुनीवर माझा दात होता.

डब्यातून मला उचललं ते फिटरकाकांनी. मशिनं दुरुस्त करणारे, शॉपमधले सगळ्यांत जुने आणि सगळ्यांचे लाडके. त्यांनी मला व्हाइसमध्ये पकडून कानशीने माझ्या कडेला एक खाच पाडली. दुखलं खूप, पण खोटं कशाला बोलू, कोणीतरी आपल्यावर मेहनत घेतंय याचं बरंही वाटलं. मग त्यांनी आणखी सात नापास वॉशर घासून गुळगुळीत केले आणि आम्हा आठांना पत्र्याच्या मगमध्ये टाकून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीतला आमचा खेळ सुरू झाला.

खेळ असा. प्रत्येकाने मगमधला एक वॉशर मुठीत घ्यायचा आणि न बघता अंगठ्याने चाचपायचा. कड गुळगुळीत लागली तर तुम्ही साधे गावकरी, खाच लागली तर खुनी. मग स्टोअर सांभाळणाऱ्या मावशी म्हणायच्या, रात्र झाली. भर दुपारी आठही जण टेबलावर डोकं टेकून डोळे मिटायचे. खुनी तेवढा हळूच मान वर करून कोणाकडे तरी बोट दाखवायचा. मग मावशी म्हणायच्या, सकाळ झाली, आणि मुडदा कोणाचा, कुठे, कसा सापडला ते सांगायच्या. उरलेल्यांनी भांडायचं, एकमेकांवर संशय घ्यायचा आणि शेवटी हात वर करून एकाला फाशी द्यायची. मावशी स्वतः कधी वॉशर घ्यायच्या नाहीत, हातही वर करायच्या नाहीत. सांगणाऱ्याचा नियमच तसा असतो. डोळे उघडे ठेवून सगळं पाहायचं, खुनी कोण ते जाणायचं आणि निरपराध माणूस फासावर चढला तरी ओठ शिवून बसायचं.

मावशींनी सांगितलेले मुडदे काय वर्णावेत! घरी नातवंडाला शिंक आली तरी कासावीस होणारी ही बाई टेबलावर बसली की अंगात आल्यासारखी माणसं कापायची. वेल्डरला तिने त्याच्याच पाण्याच्या टाकीत बुडवलं, वेल्डिंगच्या ठिणग्या अडवणाऱ्या त्याच्याच पडद्यामागे जाळलं, एकदा तर त्याचं डोकं टिफिनच्या वरच्या डब्यात सापडलं. पॅकिंगमध्ये काम करणाऱ्या तिघीजणी तर मरणावरून रुसायच्या. एकीचं म्हणणं होतं, मलाच नेहमी विहीर का? पैलवान सहा फुटी, पोटावरून ट्रॉली गेली तरी हसेल असा गडी, पण मेल्याचं कळलं की लहान मुलासारखा गाल फुगवून बसायचा. त्याची धाकटी बहीण प्रेस नंबर दोनवर बसायची. दोन लेकरांची आई, पण सगळे तिला धाकटीच म्हणत. माझी खाच तिच्या अंगठ्याला लागली की ती आधी मला हळूच एक चिमटा काढायची. सगळे खुनी मला आवडत, पण ती माझी लाडकी होती.

आणि मुनी? तो खुनी नसतानाही खुन्यासारखा दिसायचा. कोणी नुसतं विचारलं, काय रे मुनी, रात्री कुठे होतास, की त्याची मान खाली जायची, कान लाल व्हायचे आणि जीभ टाळ्याला चिकटायची. मग उरलेल्या सगळ्यांचे हात वर. फाशी झाल्यावर मूठ उघडली की कळायचं, बिचारा गावकरीच होता. पुढे पुढे तर चर्चाही होईना. पैलवान म्हणायचा, आधी मुनीला लटकवा, मग खेळ सुरू करू. सगळे हसायचे. मुनीही हसायचा, गळ्यावरचं बटण सोडायचा आणि गार झालेलं जेवण एकटाच संपवायचा. मित्रांनो, तेव्हा मलाही हसू यायचं. नापास केलंस ना मला, घे आता, असं मी मनात म्हणायचो.

पण इतकी वर्षं मुठीत राहून मला एक गोष्ट कळली होती. मी ज्याच्या मुठीत असतो त्याचा हात कोरडा असतो. पुढे काय घडणार हे त्याला ठाऊक असतं, मग तो कशाला घाबरेल? घाम फुटतो तो ज्याला काहीच ठाऊक नसतं त्याला. माझे गुळगुळीत भाऊ मुनीच्या मुठीतून मगमध्ये परत यायचे तेव्हा ओलेचिंब असायचे. नऊ वर्षांत दोनदाच मी मुनीच्या वाट्याला आलो. त्याचा हात कोरडा ठणठणीत होता, आणि दोन्ही वेळा तो पकडला गेला नाही.

एके दिवशी सकाळी प्रेस नंबर दोनच्या जाळीची बिजागरी अडकायला लागली. फिटरकाकांनी दोन बोल्ट काढून जाळीच उतरवली आणि जाळी बंद आहे असं प्रेसला वाटावं म्हणून स्विचला तारेचा तुकडा बांधून ठेवला. बोल्ट मावशींच्या हातात देऊन ते म्हणाले, दुपारी नवी बिजागरी टाकतो. मावशींनी बोल्ट एप्रनच्या खिशात टाकले. धाकटी कामावर आली तेव्हा जाळी नव्हती. माल तातडीचा होता. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि बसली.

मी टेबलावरच्या मगमध्ये होतो. दहाच्या सुमाराला आईचा ठोका मला वेगळा ऐकू आला. पत्र्यावर पडतो तसा टणक नव्हता तो. मग धाकटीची किंकाळी ऐकू आली. शेजारी मुनी तपासणीला उभा होता. त्याने धावत जाऊन मेन स्विच पाडला, स्वतःचा शर्ट फाडून तिच्या हाताला गुंडाळला आणि खाली पडलेली तीन बोटं उचलून जेवणाच्या डब्यात घातली. गाडी आली आणि तिला घेऊन गेली. पत्र्यावर, पायडलवर, मुनीच्या छातीवर रक्तच रक्त होतं. साडेतीनशे मुडद्यांचा मी धनी, पण खरं रक्त मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

साहेब इस्पितळात गेले होते. काम बंद होतं. सगळे आपोआप टेबलाशी येऊन बसले, प्रत्येकजण आपापल्या रोजच्या जागेवर. डबे कोणी उघडले नाहीत. पैलवानाला गाडीत जागा मिळाली नव्हती. बहिणीच्या रक्ताने भिजलेलं पायताण हातात घेऊन तो उभा होता. त्याने एकच विचारलं, जाळी कोणी काढली?

फिटरकाकांची बोटं मगमध्ये शिरली, मला शोधून काढून त्यांनी मला मुठीत घेतलं. अंगठा माझ्या खाचेवरून पुढेमागे फिरत होता. मित्रांनो, त्यांचा हात कोरडा होता.

पैलवानाची नजर फिरत फिरत मुनीवर थांबली. तू तिथेच होतास ना, तपासणी तुझी ना, असं त्याने विचारलं. मुनीची मान खाली गेली. कान लाल झाले. तो काहीतरी पुटपुटला, पण ते कोणालाच ऐकू गेलं नाही. टेबलावरच्या प्रत्येकाने हे तोंड शेकडो वेळा पाहिलं होतं. ते प्रत्येक वेळी खोटं ठरलं होतं, हे मात्र एकालाही आठवलं नाही.

“हात वर करा,” पैलवान म्हणाला.

आधी वेल्डरचा हात वर गेला. मग पॅकिंगच्या तिघींचे. मग फिटरकाकांनी हात वर केला, डावा. उजव्यात मी होतो. मावशींनी हात वर केला नाही. नेहमीसारख्या डोळे उघडे ठेवून त्या गप्प बसून राहिल्या.

पैलवानाचा पहिला ठोसा मुनीच्या तोंडावर बसला आणि दोन दात टेबलावर येऊन पडले. दुसरा कानावर बसला. मुनी खाली कोसळला तेव्हा पैलवानाने त्याला बुटाने बरगड्यांत लाथा घातल्या, एक, दोन, तीन, पुढे मोजवलं नाही मला. मग त्याने मुनीला कॉलर धरून फरफटत प्रेस नंबर दोनपाशी नेलं आणि त्याचा उजवा हात खाली जिथे वॉशर तयार होतात तिथे दाबून धरला. तिथे अजून रक्त ओलं होतं. जाळी नव्हतीच. तार होती तिथेच होती. पैलवान ओरडला, मेन चालू कर. वेल्डरने तो चालू केला. नंतर तो पोलिसांपुढे म्हणाला, का केला ते मला माहीत नाही.

प्रेस काही लगेच मारत नाही. आधी तिचं मोठं चाक फिरू लागतं, मग वेग घेतं, मग घुमायला लागतं. त्याला मिनिटभर लागतं. मुनीला घरी एक लहान मुलगी होती; त्या मिनिटात तो फक्त “माझी मुलगी... माझी मुलगी” एवढंच म्हणत होता. ज्या हाताने मला नापास केलं तो हात माझ्या आईच्या जबड्यात होता आणि मी आतल्या आत ओरडत होतो, काका, बोला. मूठ उघडा, दाखवा त्यांना मी कुठे आहे. पण मला तोंड नाही, मित्रांनो. मला फक्त भोक आहे, तेही जरा बाजूला. चाक घुमायला लागलं. पैलवानाने पाय उचलून पायडलवर ठेवला.

तेव्हा मावशी उठल्या. एप्रनच्या खिशातून दोन्ही बोल्ट काढून त्यांनी प्रेसवर आपटले.

“पाय काढ, पैलवान. जाळी फिटरने काढली. सकाळी माझ्याच हातात दिले हे.”

पैलवानाने पाय काढला. वेल्डरने स्विच पाडला. पैलवान वळला, प्रेसजवळ पडलेला जड पाना उचलून टेबलाशी गेला आणि फिटरकाकांचा उजवा हात टेबलावर धरून त्याने एकच घाव घातला. मी मुठीत होतो. माझी खाच त्यांच्या तळव्यात हाडापर्यंत घुसली. आणखी घाव बसले असते, पण आता सगळ्यांनी मिळून पैलवानाला धरलं. तो जमिनीवर बसला आणि खाली पडलेलं धाकटीचं पायताण उचलून छातीशी धरून मोठ्याने रडला.

पैलवान तुरुंगात गेला. फिटरकाकांनी पोलिसांना सगळं खरं सांगितलं आणि ते पुन्हा शॉपमध्ये आले नाहीत. धाकटीची बोटं जुळली नाहीत. ती आता स्टोअरमध्ये डाव्या हाताने लिहायला शिकते आहे. प्रेसला नवी जाळी बसली. काकांच्या तळव्यातून काढून मला ज्यात परत टाकलं होतं तो पत्र्याचा मग कोणाच्या तरी धक्क्याने उलटला, मी कपाटामागे पडलो आणि मला शोधावंसं कोणालाच वाटलं नाही. मला लागलेलं रक्त सुकलं आणि तिथूनच मला गंज चढायला सुरुवात झाली.

चार महिन्यांनी मुनी आला. त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून तो मान वाकडी करून मावशींसमोर उभा राहिला. मावशींनी खुर्ची पुढे केली, तो बसला नाही. तो इतकं बोललेला मी कधी ऐकलं नव्हतं.

“मावशी, तुम्हाला सकाळपासून माहीत होतं?”

“हो रे.”

“त्याने मला पहिला ठोसा मारला, तेव्हाही?”

“हो.”

“मग चाक घुमेपर्यंत का थांबलात?”

मावशींचे हात एप्रनच्या रिकाम्या खिशात होते.

“सवय,” त्या म्हणाल्या. “नऊ वर्षांची सवय, बाळा. मी तुला फाशी जाताना बघत आले होते.”

मुनीने मान हलवली आणि उजव्या हाताने दार ओढून तो निघून गेला. प्रेसखाली धरलेला तोच हात. तो वाचला होता, एवढं मात्र खरं.

मित्रांनो, खेळा. खुशाल एकमेकांना विहिरीत ढकला, फाशी द्या, मुडद्यांच्या गोष्टी रचून पोट धरून हसा. मी स्वतः खुनी होतो, मी कोणत्या तोंडाने तुम्हाला अडवू? पण तुमच्यात एखादा मुनी असेल, ज्याच्याकडे पाहून सगळे आधीच हात वर करतात, तर त्याची मूठ एकदा उघडून बघा. आणि खरं काय ते तुम्हाला माहीत असेल, तर मुनी लटकेपर्यंत गप्प बसून राहू नका. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे. चाक फिरायला लागायच्या आधी बोला.