उजव्या दाराचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. एवढं ऐकून लगेच भिंती रंगवणारा ब्रश डोळ्यांपुढे आणू नका. त्या पसरट मंडळींशी माझी सोयरीक नाही. मी खारीच्या केसांचा, टोकाला सुईसारखा बारीक. कारखान्यात एका बाईने माझे केस निवडले, बांधले, उजेडात धरून पाहिले आणि "हा जमला!" म्हणाली. माझं खरं कौतुक तेवढंच. पुढे ज्यांच्या हाती लागलो, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. तरी बोलतोच.

माझा मालक तळहातावर मावतील अशा छोट्या मोटारी रंगवतो. सगळे त्याला उस्ताद म्हणतात, कारण तो स्वतःची ओळख तशीच करून देतो. मोटारींवरचे पट्टे, आकडे, ज्वाळा काढायच्या मी आणि टिमकी वाजवायची त्याने. काम झालं की हा गृहस्थ मला थिनरच्या बाटलीत डोक्यावर उभा करून चहाला जातो. तुम्हीही एकदा तसे उभे राहून पाहा, म्हणजे माझे केस एका अंगाला का वळले ते कळेल.

गिऱ्हाइकं तर विचारूच नका. कुणाला टपावर कवटी हवी, कुणाला बॉनेटवर वाघ, तोही हसरा! एवढं करून मोटार काचेच्या कपाटात ठेवायची, आणि घरातल्या पोराने बोट लावलं की घर डोक्यावर घ्यायचं. काही महाभाग तर तयार चित्र पाण्यात भिजवून गाडीवर चिकटवतात आणि मीच रंगवलं म्हणून मिरवतात. त्यांच्याविषयी मी शब्दही खर्च करणार नाही.

एकदा एक मुलगी फोटो घेऊन आली. फोटोत क्रीम रंगाची टॅक्सी होती, अंगावर हिरवा पट्टा.

"बाबांची आहे," ती म्हणाली. "होती म्हणजे. भंगारात गेली. तेव्हापासून ते नुसते खिडकीत बसतात, कुणाशी बोलत नाहीत. जेवायलाही दहादा हाक मारावी लागते. हुबेहूब करून द्याल? निदान हातात तरी धरतील."

एका गाडीपायी बोलणं टाकणारा माणूस! मला त्याची कीव आली, आणि कीव मी सहसा चांगल्या अर्थाने करत नाही.

फोटोत टॅक्सीची डावी बाजू तेवढी दिसत होती. उस्तादाने डावी बाजू रंगवली आणि उजवीवरही तोच पट्टा ओढला. दोन्ही बाजू जुळल्या की या धंद्यातल्या लोकांना स्वर्ग दोन बोटं उरतो. जन्मभर रस्त्यावर धावलेल्या गाडीला कधी काही लागलं-खुपलं असेल, हे त्यांच्या डोक्यातच येत नाही.

मुलगी वडिलांना घेऊन आली. म्हाताऱ्याने मोटार तळहातावर घेतली. डावी बाजू पाहिली आणि चेहरा उजळला. मग मोटार फिरवली आणि हळूच टेबलावर ठेवून दिली.

"छान आहे. पण ही माझी नाही."

"म्हणजे?" उस्तादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "पट्टा सुतात आहे, बघा!"

"तेच तर. उजवं दार तिने रंगवलं होतं. हिच्या आईने. ती होती तेव्हा."

मुलीने कपाळावर हात मारला. "आई गं! मी कशी विसरले?"

मग म्हातारा बोलू लागला. एका हातगाडीने दार चेपलं होतं, दुसरं जुनं बसवलं, पण त्यावर पट्टा नव्हता. बायको रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन खाली बसली. "मी मागे उभा राहून तिला गाडी मागे घेतल्यासारखं सांगत होतो. येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास! तिला हसू फुटलं आणि पट्टा हँडलखाली टुणकन उडाला. पुसू का म्हणाली. मी म्हटलं, राहू दे."

उस्तादाने दारावरचा पट्टा पुसला, दार पुन्हा क्रीम केलं, वाळवलं आणि मला उचललं. पण सरळ रेघा मारण्यात हयात गेलेला हात! उडी काही येईना. आला तो नीटनेटका डोंगर. पुसला, तर पुन्हा तसाच डोंगर. इतक्या वर्षांत त्याची फजिती मी पहिल्यांदाच पाहिली, आणि खोटं कशाला बोलू, मजा आली.

"मी बघू का?" म्हाताऱ्याने विचारलं.

त्याने मला पाना धरावा तसं धरलं. मी मनात म्हटलं, झालं कल्याण! भीत भीत तो रेघ ओढू लागला. हँडलपाशी आला, तशी मुलगी त्याच्या मागे जाऊन हळूच म्हणाली, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!"

म्हातारा हसला. पोटातून, मोठ्याने हसला, हात हलला आणि मी दारावर टुणकन उडालो.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात भिकार रेघ. म्हातारा ती पाहत होता आणि डोळे पुसत होता. "हीच," तो म्हणाला. "हीच गं." मग मुलीला म्हणाला, "चल, भूक लागलीय."

पण निघण्याआधी त्याने मला थिनरमध्ये हलकेच खळबळलं, फडक्याने टिपलं, चिमटीत धरून माझं टोक जुळवलं आणि टेबलावर आडवं ठेवलं, घरी आल्यावर चाकं सरळ करून गाडी लावावी तसं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा पाठ टेकली. त्या माणसाची कीव केल्याबद्दल मला लाज वाटली, आणि लाज वाटणं माझ्या स्वभावात नाही.

उस्ताद चहा पिऊन आला आणि मला उचलून पुन्हा बाटलीत उभं केलं.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर काम झाल्यावर त्याला धुवा, पुसा आणि आडवा ठेवा. उस्तादाकडून मी आशा सोडली आहे. तुमच्याकडून अजून सोडलेली नाही.